बटण दाबायचं की नाही, हा प्रश्न नंतरचा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. धाकटा भाऊ, वय 25, तबला वाजवतो, शिकवण्या घेतो, रात्री रेकॉर्डिंगची कामं करतो. दोन वर्षांपूर्वी मॅनियाचा, म्हणजे मूड बेफाम चढण्याचा, मोठा झटका आला, दवाखान्यात ठेवावं लागलं, बायपोलरचं (मूड टोकाला चढण्या-उतरण्याच्या आजाराचं) निदान झालं आणि लिथियमच्या गोळ्या सुरू झाल्या. गेल्या महिन्यात त्याने इंग्लिश नट स्टीफन फ्रायची जुनी डॉक्युमेंटरी पाहिली. तीत फ्राय बायपोलर असलेल्या माणसांना विचारतो, की एखादं बटण दाबून हा आजार आयुष्यातून पार पुसून टाकता आला तर दाबाल का? बहुतेक जण नाही म्हणतात. त्यावर भाऊ म्हणाला, "ते नाही म्हणतात आणि मी मात्र गोळी घेऊन रोज रात्री दाबतोय." तीन आठवडे झाले, गोळ्या बंद आहेत. आई म्हणते, पोरगा किती दिवसांनी खुललाय, कशाला त्याच्या मागे लागतेस. तुम्ही विचारलंय, त्याला काय सांगू, आणि उतारा म्हणून दुसरी कुठली डॉक्युमेंटरी दाखवू.

डॉक्युमेंटरीवर येतेच, त्यावर बोलण्यासारखं बरंच आहे. पण त्याआधी एक सांगा, गेल्या आठवड्यात तो रोज किती तास झोपला? तुमच्या एवढ्या लांब प्रश्नात ही एक गोष्ट कुठेच नाही, आणि मला सगळ्यात आधी तीच हवी आहे.

माझ्याकडे पेशंट घेऊन येणाऱ्या घरांना मी कालनिर्णयवर झोपेचे तास लिहायला सांगते. ॲप आहेत, पण ती पेशंटच्या फोनमध्ये असतात आणि नेमक्या वेळी तो फोन घरातल्या कुणाच्या हाती लागत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर येता-जाता सगळ्यांना दिसतं. एका आईने मागे आणलेलं पान मला अजून आठवतं. एका कोपऱ्यात दुधाचा हिशोब, एका तारखेला नवा सिलेंडर लावल्याची खूण, संकष्टीच्या चौकोनात चंद्रोदयाच्या वेळेखाली पेन्सिलने लिहिलेले 7. पुढे 7, 6, 6, मग 5, मग 4, आणि त्यानंतर सलग दोन दिवस 3. त्या सांगत होत्या, "काही नाही हो, कामाचा उत्साह आहे त्याला." पान टेबलावर उलगडलं तेव्हा त्यांनीच पाचच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "म्हणजे हे इथूनच ना?"

झोप न लागणं वेगळं आणि झोपेची गरजच न वाटणं वेगळं. ज्याला झोप लागत नाही तो कुशी बदलतो, सकाळी वैतागलेला असतो, दिवसभर जांभया देतो. मॅनियाच्या तोंडावर असलेला माणूस तीन तास झोपून पहाटे टवटवीत उठतो, कपाट आवरायला घेतो, सहा वाजता तुम्हाला फोन करून नवी कल्पना ऐकवतो. थकवा नावालाही नसतो. घरच्यांना ते बरं वाटतं, कारण त्याआधीचे कित्येक महिने त्यांनी त्याला मरगळलेला पाहिलेला असतो. तुमच्या आईचं म्हणूनच काही चुकलं असं मी म्हणणार नाही. ती जे बघतेय ते खरंच आहे. प्रश्न एवढाच की ते बरं होणं आहे की चढणं आहे, आणि ते चेहऱ्यावरून कळत नाही, झोपेच्या तासांवरून बऱ्यापैकी कळतं.

तेव्हा खरा मुद्दा असा मांडू या. बायपोलर वन (मॅनियाचा मोठा झटका येऊन गेलेला प्रकार) असलेल्या एका तरुणाने लिथियम एका झटक्यात बंद केलंय, तीन आठवडे उलटलेत, तो 'खुललाय' आणि त्याचं काम रात्रीचं आहे. डॉक्युमेंटरी पाहिली नसती तरी हेच चित्र काळजीचं होतं. लिथियम अचानक सोडलं की पुढच्या काही महिन्यांत झटका परत येण्याचा, विशेषतः मॅनियाचा, धोका चांगलाच वाढतो. तेच औषध डॉक्टरांच्या नजरेखाली कित्येक आठवडे घेऊन हळूहळू कमी केलं तर धोका तुलनेने कमी राहतो. म्हणजे उद्या त्याने आणि त्याच्या डॉक्टरांनी मिळून लिथियम थांबवायचं ठरवलं, तरी ते असं थांबवत नाहीत.

सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे फार फसवे असतात. हाताची थरथर जाते, सारखी लागणारी तहान जाते, रात्री दोनदा लघवीला उठणं थांबतं, जिभेवरची ती धातूसारखी चव जाते. माणसाला वाटतं, मी परत मी झालो. दुष्परिणाम आधी जातात आणि झटका नंतर येतो, आणि मधल्या मोकळ्या दिवसांचं श्रेय गोळी सोडण्याला मिळतं. तुमचा भाऊ बहुधा आत्ता त्याच दिवसांत आहे.

बहुधा म्हणते, कारण मी त्याला तपासलेलं नाही. बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. एकच झटका आलाय की त्याआधी कॉलेजात असताना न ओळखलेले छोटे चढ-उतार होते? झटक्यात भास, संशय, 'मला खास कामासाठी निवडलंय' असले विचार होते का? आजी-आजोबा, काका-मामांत कुणाला असा आजार? कुणी लवकर गेलं का? दारू, गांजा? गांजाचं स्पष्ट विचारा. 'नैसर्गिक आहे, झोप येते' म्हणून घेणारी मुलं माझ्याकडे येतात आणि त्यांचा आजार हमखास जास्त दांडगाई करतो. या उत्तरांवर लिथियम किती काळ, की दुसरं एखादं औषध, हे ठरतं. पण या आठवड्यात त्याच्या डॉक्टरांकडे जायचं की नाही, हे मात्र यातल्या कशावरही अवलंबून नाही. जायचं. दिवाळीनंतर, कार्यक्रम झाल्यावर, असं नाही.

आता फ्राय. आपल्याकडे वुडहाउस वाचणारी जी एक मराठी जमात आहे, तिला हा माणूस 1990 ते 1993 या काळातल्या टीव्ही मालिकेतला जीव्ज हा नोकर म्हणून ठाऊक असतो. शांत, थंड डोक्याचा, कुठल्याही भानगडीतून मालकाला अलगद सोडवणारा. तोच माणूस 1995 मध्ये लंडनमध्ये सायमन ग्रे यांच्या 'सेल मेट्स' या नाटकात काम करत होता आणि थोडेच प्रयोग झाल्यावर कुणालाही न सांगता नाटक टाकून निघून गेला. थेट बेल्जियम गाठलं. घरच्यांना पत्ता नाही, मित्रांना नाही, वर्तमानपत्रांत शोधाशोध. तेव्हा तो 37 वर्षांचा होता. निदान झालं ते या सगळ्यानंतर. तोवरच्या साऱ्या वर्षांत लोकांनी त्याला हुशार, विक्षिप्त, लहरी असं काय काय म्हटलं होतं, आजारी मात्र क्वचितच कुणी म्हटलं. हे आपल्याकडेही रोज घडतं, फक्त बातमी होत नाही.

2006 मध्ये बीबीसी टूवर 'द सिक्रेट लाइफ ऑफ द मॅनिक डिप्रेसिव्ह' दोन भागांत दाखवली गेली. दिग्दर्शक रॉस विल्सन. पुढच्या वर्षी तिला आंतरराष्ट्रीय एमी पारितोषिक मिळालं. मला ही डॉक्युमेंटरी आवडते. एक तर फ्राय स्वतःची कीव करत नाही. दुसरं, तो नामवंतांपाशी थांबत नाही. कॅरी फिशर, रिचर्ड ड्रायफस, रॉबी विल्यम्स येतात, पण ज्यांचं नाव कुणाला ठाऊक नाही अशी माणसंही येतात आणि डॉक्युमेंटरीतलं सगळ्यात जड त्यांच्याच वाट्याला आलेलं आहे. जो ब्रँड ही विनोदी कलाकारही तीत आहे. ती या धंद्यात येण्यापूर्वी अनेक वर्षं मनोरुग्णालयात परिचारिका होती, हे ठाऊक असलं की तिचं बोलणं वेगळ्या कानाने ऐकलं जातं.

आणि टोनी स्लॅटरी. नव्वदीच्या सुरुवातीला इंग्लंडच्या टीव्हीवर जिकडेतिकडे दिसणारा हजरजबाबी माणूस. तो सांगतो, की थेम्सच्या काठी एक भलंमोठं गोदाम भाड्याने घेऊन तो महिनोन्महिने एकटाच राहिला, टपाल उघडलं नाही, फोन उचलला नाही. चांगली चाललेली कारकीर्द त्या काळात हातातून गेली, ती पुन्हा पूर्वीसारखी कधी सापडली नाही. 2025 च्या जानेवारीत तो गेला. तुमच्या भावाने डॉक्युमेंटरी पाहिली तेव्हा हाही भाग पाहिला असणार. पण मनात घर केलं ते बटणाने. यात त्याला दोष देण्यासारखं काही नाही, सगळेच आपल्याला हवं ते उचलतात. फक्त त्याच्याशी बोलताना विचारता येईल, "त्या गोदामातल्या माणसाबद्दल तुला काय वाटलं?"

बटणाचा प्रश्न कुणाला विचारला, हे पाहणं महत्त्वाचं आहे. ज्यांचा आजार त्या दिवशी कॅमेऱ्यासमोर बसून दोन वाक्यं धड बोलण्याइतका शांत होता, त्यांना. भर मॅनियात असलेल्या माणसाला विचाराल तर तो म्हणेल मला आजारच नाही, बटण कसलं? खोल डिप्रेशनमध्ये असलेला तर उत्तर द्यायला खुर्चीपर्यंत येणार नाही. आणि ज्यांना या आजाराने नेलं त्यांना विचारायची सोय नाही. मी हे डॉक्युमेंटरीची खोड म्हणून सांगत नाही. कुठल्याही डॉक्युमेंटरीत हेच होणार. जगण्याच्या ज्या भागाचं चित्रीकरण होऊ शकतं, तेवढाच पडद्यावर येतो. पण आपला निर्णय त्यावर बेतायचा असेल तर हे ध्यानात ठेवावं लागतं.

याहून मोठी गोष्ट अशी, की फ्रायची कहाणी 2006 मध्ये संपली नाही. तो 2011 मध्ये ब्रिटनमधल्या 'माइंड' या मानसिक आरोग्याच्या संस्थेचा अध्यक्ष झाला. म्हणजे आजार उघडपणे मान्य केलेला, माहिती भरपूर, मित्र भरपूर, पैसा भरपूर. तरीही 2012 मध्ये परदेशात चित्रीकरण चालू असताना त्याने आत्महत्येचा प्रयत्न केला आणि सोबतच्या सहकाऱ्यामुळे वाचला. 2013 च्या जूनमध्ये त्याने हे स्वतःच जाहीर गप्पांत सांगितलं. त्याच गप्पांत तो असंही म्हणाला, की आपल्याला असा आजार आहे ज्यासाठी औषध घ्यावं लागतं. नाहीतर एकीकडे अति चढायला होतं आणि दुसरीकडे जीव नकोसा होण्यापर्यंत उतरायला होतं. 2016 मध्ये, पहिल्या डॉक्युमेंटरीला दहा वर्षं झाल्यावर, बीबीसी वनवर पुढचा भाग आला. त्यात तो पुन्हा जुन्या माणसांकडे जातो आणि मधल्या दहा वर्षांत काय झालं ते बघतो.

तेव्हा उतारा म्हणून दुसऱ्या कुणाची डॉक्युमेंटरी शोधायची गरज नाही. याच माणसाचं पुढचं आयुष्य त्याला दाखवा. ज्याने बटण दाबायला नकार दिला त्यानेच नंतर सांगितलं की मला औषध लागतं. भाऊ म्हणतो तसा या दोन गोष्टींत विरोध असता, तर फ्रायला दोन्ही म्हणता आल्या नसत्या.

कारण गोळी म्हणजे ते बटण नव्हेच. बटणाने आजार मुळापासून जातो, जणू कधी नव्हताच. त्याच्यासोबत त्या आजारातून गेल्यामुळे झालेली माणसाची जडणघडणही जाते. म्हणून लोक कचरतात, आणि मला ते पटतं. माझे पेशंटही बहुतेक नाहीच म्हणतात. पण ते गोळी घेत घेत नाही म्हणतात. लिथियमला असली काही जादू येत नाही. ते झटके कमी वेळा येऊ देतं, आले तरी त्यांचा जोर कमी ठेवतं, आणि आत्महत्येचा धोका कमी करणाऱ्या मोजक्या औषधांत त्याची गणना होते. बायपोलर असलेला माणूस लिथियमवरही बायपोलरच असतो. फक्त त्याला पुढच्या महिन्याचा कार्यक्रम आज घेता येतो, आणि तो होतोही.

"पण त्याची कला?" हे तुम्ही लिहिलं नाहीत, तरी भावाच्या मनात आहे हे मला ऐकू येतंय. इथे मी खोटा धीर देणार नाही. लिथियमवर काहींना सगळं थोडं सपाट वाटतं, कल्पना पूर्वीसारख्या झुंडीने येत नाहीत. ही तक्रार खरी असते, मनाचे खेळ नसतात. ज्या डॅनिश डॉक्टरने लिथियम जगभर रुजवलं, त्या मोगेन्स स्काऊ यांनाच हा प्रश्न पडला होता. या औषधाचा मॅनियातला उपयोग ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी 1949 मध्ये मांडला, पण ते नीट चाचण्या करून सिद्ध करण्यात स्काऊ यांनी आयुष्य घातलं. त्यांच्या सख्ख्या भावाला वारंवार डिप्रेशन येत असे आणि लिथियमने तो सावरला, हे त्यामागचं एक कारण. भावाच्या काळजीने या विषयात पडणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. तर स्काऊ यांनी 1979 मध्ये लिथियम घेणाऱ्या 24 कलावंतांना विचारलं, की तुमच्या निर्मितीचं काय झालं? 12 जणांनी सांगितलं वाढली, 6 जणांनी सांगितलं काही फरक नाही, 6 जणांनी सांगितलं कमी झाली. अभ्यास छोटा आहे, फार ताणू नये. पण 'लिथियम म्हणजे कलेचा शेवट' हे त्यात दिसत नाही आणि 'लिथियमने काहीच होत नाही' हेही दिसत नाही. त्या शेवटच्या सहांत तुमचा भाऊ असू शकतो. असेल, तर त्यावर करण्यासारखं पुष्कळ आहे: डोस कमी करून पाहता येतो, थायरॉइड मंदावलंय का हे तपासता येतं (लिथियमवर ते मंदावू शकतं आणि सपाटपणा त्याचाही असू शकतो), औषध बदलता येतं.

मला तर अशी दाट शंका आहे की डॉक्युमेंटरी हे निमित्त आहे. तबलजीला लिथियमचा सगळ्यात मोठा जाच कशाचा असेल? बोटांच्या थरथरीचा. बारीक थरथर हा त्याचा अगदी नेहमीचा दुष्परिणाम आहे. चहाचा कप धरताना कुणाला जाणवणार नाही, पण चाटीवर, तबल्याच्या काठावर, तर्जनी पडताना, द्रुत लयीत रेला वाजवताना, वाजवणाऱ्याला ती शंभर टक्के जाणवते. शिष्यांसमोर, साथीला बसल्यावर कुणाला दिसली तर, ही धास्ती वेगळीच. हे आईला सांगण्यासारखं वाटत नाही, डॉक्टरांच्या पाच मिनिटांत सांगायला सुचत नाही. मग एक दिवस पडद्यावर मोठी मोठी माणसं म्हणतात की आम्हाला आमचा आजार हवाय, आणि मनातल्या मनात चाललेल्या भांडणाला वकील मिळतो. थरथरीवर उपाय आहेत. डोसची वेळ आणि प्रमाण बदलून, चहा-कॉफी कमी करून, कधी प्रोप्रॅनोलॉलसारखी दुसरी गोळी जोडून ती बरीच आटोक्यात येते. दम्याच्या पेशंटला ती गोळी चालत नाही, म्हणून हे घरगुती प्रयोग नकोत. पण कुणी विचारलं तर उपाय निघणार.

म्हणून बोलायला बसाल तेव्हा 'गोळ्या का सोडल्यास' इथून सुरू करू नका. 'गोळ्यांचा तुला नक्की काय त्रास होत होता' इथून करा, आणि मग गप्प बसून ऐका. तुम्ही मोठी बहीण आहात, तो तुमच्याशी बोलतो असं तुम्ही लिहिलंय, हे मोठं भांडवल आहे. वाद घालून ते खर्च करू नका. फ्राय बरोबर की चूक यावर तर अजिबात नको; त्यात तो जिंकेल, कारण डॉक्युमेंटरी त्याने पाहिली आहे आणि चढत्या मूडमध्ये माणसाला मुद्दे फार भराभर सुचतात. त्याला विचारा, की दोन वर्षांपूर्वीच्या त्या दिवसांतलं तुला काय आठवतं? कित्येक पेशंटना मॅनियाची मजा आठवते आणि घरच्यांना पोलीस स्टेशन आठवतं. ही दोन्ही टोकं एका खोलीत, आवाज न चढवता बोलली गेली पाहिजेत.

एक गोष्ट हात जोडून सांगते. वरणात, चहात गोळी विरघळवून देऊ नका. आईच्या मनात हे येईल, किंवा कुणी शेजारीण सुचवेल. लिथियमच्या बाबतीत हे धोक्याचंही आहे, कारण त्याचं प्रमाण मोजून द्यावं लागतं. आणि त्याला कळलं, कळतंच, की मग पुढची कित्येक वर्षं तो घरच्या जेवणावरही भरवसा ठेवणार नाही.

आईसाठी मात्र डॉक्युमेंटरी कामाला येईल. तिला फ्राय कळणार नाही, इंग्रजी वळणाचा विनोद आहे सगळा. यो यो हनी सिंगवर मोझेझ सिंग यांनी केलेली डॉक्युमेंटरी डिसेंबर 2024 मध्ये नेटफ्लिक्सवर आली. हिंदी-पंजाबीत आहे, आई-वडील आणि बहीण बोलतात. गाणी आईला आवडणार नाहीत, माझ्याही पचनी पडत नाहीत, आणि त्याच्या वागण्याबद्दलचे काही अवघड प्रश्न डॉक्युमेंटरी पुरेसे विचारत नाही असं माझं मत. पण लोकप्रियतेच्या शिखरावरचा मुलगा वर्षानुवर्षं घरात कोंडून राहिला आणि घरच्यांनी ते कसं काढलं, हे तिला दुभाष्याशिवाय कळेल. तुम्हाला स्वतःला बघायची असेल तर 2022 ची, अमेरिकन गायिका सेलेना गोमेझवरची 'माय माइंड अँड मी' बघा. 2016 मध्ये तिच्या गाण्याच्या दौऱ्यावर डॉक्युमेंटरी करायला घेतली, दौरा मध्येच रद्द झाला आणि तेच चित्रीकरण पुढे वेगळ्याच गोष्टीची सुरुवात ठरलं. त्यात तिची आई सांगते, की मुलगी कोसळून दवाखान्यात आहे हे आपल्याला गॉसिप छापणाऱ्यांच्या फोनवरून कळलं. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या कुठल्याही आईला ते ऐकवावं असं आहे.

या सगळ्या डॉक्युमेंटरींत एक गोष्ट जवळपास दिसतच नाही: मधले साधे महिने. रक्ताचे रिपोर्ट, झोपेची वेळ, लग्नाच्या वराती टाळणं. पाहणाऱ्याला त्यात रस नसतो, हे समजण्यासारखं आहे. पण आजार सांभाळला जातो तो तिथेच. तुमच्या भावाचं रात्रीचं रेकॉर्डिंग ही माझ्या दृष्टीने डॉक्युमेंटरीपेक्षा मोठी बाब आहे. सलग जागरणं मॅनियाला आमंत्रण देतात. गणपती-नवरात्रानंतर माझ्याकडची गर्दी वाढते ती काही योगायोगाने नाही. कामं सोड असं मी कुठल्याच कलावंताला सांगत नाही, पण एका रात्रीच्या कामानंतर पुढच्या दोन रात्री मोकळ्या, एवढं ठरवून घेता येतं.

डॉक्टरांकडे जाईपर्यंतच्या दिवसांत दोन गोष्टी गुपचूप नाही, त्याला सांगून करा. एक पैशांची. यूपीआयची रोजची मर्यादा खाली आणा, क्रेडिट कार्ड आईकडे, फोनवर झटपट कर्ज देणारी ॲप असतील तर काढा. चढत्या मूडमध्ये नवा कॅमेरा, नवा स्टुडिओ, मित्राला दोन लाख उसने, हे सगळं एका दुपारीत होतं, आणि उतरल्यावर डिप्रेशनला कर्जाची जोड मिळते. दुसरी वाहनाची: रात्रीची बाइक काही दिवस बंद.

झोप सलग दोन रात्री चार तासांच्या आत आली आणि तरी तो तरतरीत असेल, बोलण्याला खंड नसेल, अडवलं की अंगावर येत असेल, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी न्या. आणि उलट दिशेने, 'माझ्याशिवाय तुमचं बरं चालेल' अशी भाषा आली तर त्याला एकटं सोडू नका. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावं कळेना तर 14416 हा टेली-मानसचा नंबर आहे. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

तो पुन्हा स्थिर झाला की एक काम नक्की करा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रत्येक प्रौढाला आधीच लिहून ठेवायचा हक्क दिलाय, की आपण आजारी पडलो तर कसे उपचार हवेत, कसे नकोत, आणि आपल्या वतीने कोण बोलेल. स्वतःच्या मर्जीने, शुद्धीत असताना. जी मुलं 'तुम्ही सगळे मिळून माझ्यावर गोळ्या लादता' म्हणतात, ती हा कागद स्वतःच्या हाताने लिहिताना खूप वेगळी वागतात. माझ्या एका पेशंटने त्यात लिहिलंय, की मी रात्री दोन वाजता नव्या बिझनेसबद्दल बोलायला लागलो तर बायकोने डॉक्टरांना फोन करावा, माझी परवानगी गृहीत धरावी.

आता लिथियमचं. घरात उरलेल्या गोळ्या जुन्या डोसने त्याने आपल्या आपण पुन्हा सुरू करू नयेत. डॉक्टर आधी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), थायरॉइड, कॅल्शियम बघतील, डोस ठरवतील आणि पाचसात दिवसांनी रक्तातली पातळी पाहतील. साधारण 0.6 ते 0.8 च्या आसपास ठेवायचा प्रयत्न असतो, काहींना 1.0 पर्यंत लागते, 1.5 च्या वर विषबाधेची हद्द सुरू होते. पाणी आणि मीठ कमी झालं की पातळी चढते, म्हणून निर्जळी एकादशी नको, मे महिन्याच्या उन्हात पाण्याची बाटली हवी, मीठ एकदम बंद करायचं नाही. बसून बसून पाठ धरली म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक दुकानातून आणून घ्यायचं नाही, पातळी त्यानेही चढते, पॅरासिटामॉल चालतं. उलट्या-जुलाब, तोल जाणं, जीभ जड होणं, हात जोरात थरथरणं, यातलं काही झालं तर गोळी थांबवून थेट दवाखाना. आणि पातळीसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी द्यायचं असतं. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला लॅबमध्ये, आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर. लॅबवाले हे दर वेळी विचारतीलच असं नाही, तेव्हा त्याला आदल्या रात्री आठवण करा.